पुढचं राहिलं

एनिसला जाणाऱ्या बसमध्ये ऑर्लाच्या पुढच्याच सीटवर म्हातारी डीलिया आणि तिचा शेजारी फिन्टन यांची जुंपली होती.

“माझी गाय परवापासून चाऱ्याला तोंड लावत नाही. तुझ्यामुळे!”

“मी काय केलं गं?”

“‘काय देखणी गाय आहे’ म्हणालास आणि तसाच चालू लागलास. ‘देव तिला सांभाळो’ कोण म्हणणार? दृष्ट लागली ना तिला!”

“राहून गेलं बाई. घे, आत्ता म्हणतो. देव तिला सांभाळो!”

“बसमध्ये म्हणून काय उपयोग? गाईसमोर उभं राहून म्हणायला हवं.”

“मग संध्याकाळी येतो की. चहा मिळेल?”

“मिळेल.”

“आणि लोणी लावलेला पाव?”

“आधी गाईचं बघ, मग पोटाचं!”

आज सकाळीच त्या गाईने कुंपणावरून मान घालून ऑर्लाच्या कोबीचा फडशा पाडला होता. ऑर्लाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

स्टॉप आला तसा फिन्टन उठला.

“टोपी काय शोभते गं तुला, डीलिया!” म्हणाला आणि उतरला.

“अरे, पुढचं राहिलं!” डीलिया ओरडली.

“माहितीये!” खालून आवाज आला. “त्यासाठी रविवारी येतो!”