ज्याला खटकतं, त्यालाच घेऊन या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, या धर्मशिक्षण विद्यालयाचे प्राध्यापक आणि प्राध्यापिका, आज निवृत्त होणारे आपले प्राचार्य, आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या तरुण मुलामुलींनो, तुम्हा सर्वांना प्रभूच्या नावानं माझा सलाम.

अध्यक्षांनी माझी ओळख ‘एका विद्यार्थिनीच्या आई’ अशी करून दिली. ती अजून विद्यार्थिनी झालेली नाही, आणि होऊ नये म्हणूनच तर मी इथं दरवर्षी येते. तेव्हा तेवढं दुरुस्त करून घ्यावं. मी शिवणकाम करते, आणि इथं मला सगळे ‘विरोधी पक्ष’ म्हणतात. हसा, हसा. आपले प्राचार्यसरही हसतायत.

दरवर्षी तरुण मुलंमुली दोन दिवस इथं राहायला येतात. देवाचं बोलावणं खरं आहे की आपल्याच मनाचे खेळ, चर्चचं पाळक होणं आपल्याला झेपेल का, हे पडताळायला. वर्गात बसतात, उपासनेला बसतात, वसतिगृहातल्या खाटा किती करकरतात तेही बघून घेतात. पण आपल्या सरांची अट जगावेगळी. “तुमचं इथं येणं घरात ज्याला सर्वांत जास्त खटकतं, त्याला बरोबर घेऊन या.” कुणी बापाला आणतं, कुणी होणाऱ्या बायकोला. आणि शेवटच्या दुपारी ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी आधी बोलायचं ते त्या खटकणाऱ्यानं. मुलांनी नुसतं ऐकायचं. उलट उत्तर द्यायचं नाही.

आता मला सांगा, विद्यार्थी हवे असलेला प्राचार्य असं करील का? कितीतरी मुलं तिथंच गळतात.

मुलगी मला पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा मी तयारीनं आले होते. लग्नाचं काय, नोकरीचं काय, बाईमाणसाला हे जमेल का, सगळं पाठ. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, आमचे हे पाळक होते. चर्चच्या मंडळीत कुणाला नुसती शिंक आली तरी धावत जायचे. माझी आई गेली त्या दिवशी हे दुसऱ्याच कुणाच्या दफनविधीला उभे. शेवटी एका आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसले असताना यांचंच हृदय बंद पडलं. म्हातारा जगला! यांचे शेवटचे शब्द मला त्या घरच्या सुनेनं येऊन सांगितले. “आजोबा, घाबरू नका, मी इथंच आहे.” माझ्यासाठी काही म्हणाले का, असं मी तिला विचारलंसुद्धा. ती बिचारी खाली बघत राहिली. “नवरा दिला, आता पोरगी देणार नाही,” एवढं म्हणून मी खाली बसले.

मला वाटलं, आता सर बायबलातलं एखादं वचन काढून माझ्या तोंडावर मारणार. पाळकांच्या बायकांना वचनं फार ऐकवतात हो! सर माझ्या मुलीकडे वळले आणि म्हणाले, “आईचं दुःख ओलांडून इथं येऊ नका. थांबा.” बस्स. ती थांबली. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत राहिली आणि दर वर्षी मला घेऊन येत राहिली. एकदा मी वैतागून सरांना म्हटलं, “अहो, तिला नाही म्हणून टाका ना एकदाचं, माझी सुटका होईल!” तर म्हणाले, “बाई, तुमचं बोलून झालं का?” मी म्हटलं, नाही. “मग पुढच्या वर्षी या.”

यंदा माझ्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या बाईंचा तरणाताठा मुलगा गेला. माझी मुलगी कामावरून परस्पर त्यांच्याकडे जाऊन बसायला लागली. इकडे जेवण गार व्हायचं आणि माझं डोकं तापायचं. एका संध्याकाळी मी तरातरा तिला आणायला गेले, ती दारातच थबकले. पोरगी जमिनीवर बसली होती, बाईंचा हात हातात घेऊन. स्वतः काही बोलत नव्हती. बाईच बोलत होत्या. मुलाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होत्या, मध्येच चक्क हसल्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. आमचे हे ज्या घरात नसायचे, ते माझं घर मी संसारभर पाहिलं होतं. हे ज्या घरात असायचे, ते घर मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. मी आत जाऊन त्या दोघींजवळ बसले आणि यांच्यासाठी ढसाढसा रडले.

म्हणून सर, आज सर्वांसमक्ष सांगते. माझा राग गेला, असं समजू नका. तो आहे, आणि बहुतेक राहीलही. पण मी मुलीला अडवणार नाही. बाळ, ये तू इथं. प्रवेश घ्यायला मी बरोबर येते. आणि नव्या प्राचार्यांना हात जोडून विनंती, सरांची ती अट तेवढी मोडू नका.

आता एकच राहिलं. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या आहेत. मघापासून एवढी भाषणं झाली, यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वहिनी, इतकी वर्षं तुम्ही तुमचा माणूस आम्हाला दिलात. तुम्हाला काय खटकलं, हे कुणी कधी विचारलं का हो?

मला इथं उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, मानपान राहिला असेल, तर पोटात घाला. सरांचं उत्तराचं भाषण पुढं आहे, हे मला माहीत आहे. अध्यक्ष महोदय, ते थोडं थांबवा. वहिनी, वर या. आधी तुम्ही बोला.