धोंड्याचं जेवण आन् कमी पडलेले दोन कोटी आकार

...न्हाई न्हाई, तुम्हीच सांगा, 'जावई करतात काय?' हा काय भरल्या पंगतीत विचारायचा सवाल हाय? आन् तो बी आमच्या पंढरीनं, सख्ख्या धाकट्या भावानं! तुम्हाला सांगतो, आमच्या लेकीच्या, वर्षाराणीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, जावयाला धोंड्याचं जेवण, सगळी भावकी आमच्या अर्धापूरच्या घरी ताटावर बसलेली... पंढरीचा जावई तलाठी. तलाठी म्हणलं की फुडं कुणी काई विचारत न्हाई! आमचे अमरेशराव लातूरला कॉलेजात गणित शिकवतात, तेवढं सांगून गप बसावं का न्हाई? न्हाई! म्हणले, "मी संशोधन करून राहिलो. चौथ्या दिशेतल्या आकारांवर."

झालं! लांबी, रुंदी, उंची... चौथी कुठून आणता? पंढरी माझ्या गोठ्याकडं बघून राहिला, जशी मी तिथंच बांधून ठेवली! "दादा, पोरगी दिली ती दिली, पण जावई करतात काय?" सगळी पंगत माझ्या तोंडाकडं. गेली ना इज्जत!

तर जावईबापू उठले, कोपऱ्यातला नवा कोरा खराटा घेतला, एका मापाच्या काड्या मोडल्या आन्... काय सांगू... ताटातल्या धोंड्यांत खुपसल्या! पुरणाचे धोंडे वं, आमच्या मंडळीनं, गुणाबाईनं पहाटे उठून केलेले! तिचा चेहरा बघायसारखा, लेक पदर तोंडाला लावून हसून राहिली. बघता बघता एक गोल पिंजरा उभा! "हे बघा मामा, सगळी तोंडं तिकोनी, एकसारखी. आता एक कोपरा काढतो." काढला. आन् तो धोंडा खाल्ला! "आता इथं पाच बाजूंचं तोंड उघडलं, पाची बाजू सारख्या. आकार बदलला, पण एकही तोंड वाकडं नाही." पिंजरा हलला, पण पडला न्हाई, खोटं कशाला बोलू!

"चौथ्या दिशेत असाच एक आकार आहे, एकशेवीस कोपऱ्यांचा. तिथं कोपरा काढला की हा आख्खा पिंजराच तोंड म्हणून उघडतो. फक्त शेजारशेजारचे दोन काढायचे नाहीत. असे नवे आकार किती होतात सांगू? एकतीस कोटींच्या वर!"

पंढरीनं कढीचा भुरका मारला. "ते समदं खरं, पण जावई करतात काय?"

आता गुणाबाई पळी घेऊनच फुडं आली. "भावजी, बारा महिन्यांत तेरावा बसला का न्हाई? दिसला का कुठं? त्येचंच तर जेवून राहिले तुम्ही! मग तीन दिशांत चौथी बसली तर तुमचं काय गेलं?" अहाहा! सगळ्या भावकीनं माना डोलावल्या. माझी छाती अशी फुगली म्हणता... तिथंच थांबावं का न्हाई बाईनं? जावयाकडं वळली. "पण बापू, देव तेहतीस कोटी. अधिकाचं वाण तेहतीसाचं. तुमचे एकतीसच कसे? दोन कोटी कुठं ऱ्हायले?"

"मामी, तेवढेच आहेत. मोजून झालेत."

"मोजणारा चुकला असंल. बघा नीट."

घ्या! आता लेकीचा फोन, "बाबा, आईला आवरा, हे पुन्हा मोजायला बसलेत!" इकडं स्टँडवर, हाटेलात, जिथं जाईन तिथं, "रामकिशनराव, सापडले का दोन कोटी?" 'जावई करतात काय' कुणी विचारत न्हाई आता, लई चांगलं झालं, पण ही गुणाबाई मलाच म्हणती, "तुम्हाला बी डोळे हायेत की, जावयाला जरा हातभार लावा!"

काय करता? काल केळीच्या बागेत बसलो, पिकल्या केळांचे तुकडे, त्यात खराट्याच्या काड्या, पिंजरा उभा करून राहिलो... तर बांधावर कोण? पंढरी! लई वेळ बघत उभा. मग हळूच म्हणतो, "दादा, जावयाचं समजलं. पण तू करतो काय?"

काय सांगावं, सांगा! "कोपरा काढून राहिलो," म्हणलं, आन् खाल्ला.