चुका पोटात घालणारा सेट

– नाही नाही, या पातळ पात्यांच्या गोल्फच्या काठ्या नकोतच, ठेवा त्या बाजूला. दिसायला देखण्या आहेत, कबूल, पण अशाच आहेत माझ्याकडे घरी, दिरांच्या जुन्या. दीर ताडमाड उंच आणि मी ही अशी, तुमच्या खांद्याशी येते – मग काय, काठी अर्ध्यात धरायची आणि वरचा दांडा पोटात टोचून घ्यायचा. शिवाय चेंडू जरा पात्याच्या कडेला लागला की हाताला अशा मुंग्या येतात की नंतर कप धरवत नाही. म्हणून म्हटलं आता बास, आता आपल्या मापाचा लोखंडी काठ्यांचा सेट घ्यायचा. आयर्न म्हणता ना तुम्ही? मी आपली काठ्याच म्हणते. माझा खेळ कसा आहे विचारताय – लांब आहे. चेंडू लांब जातो. कुठे जातो ते विचारू नका. डावीकडे झाडी असेल तर झाडीत, उजवीकडे तळं असेल तर तळ्यात, मी भेदभाव करत नाही.

हे काय, पट्टी कशाला? मनगटापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं – घ्या की. शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय. सरळ उभी आहे हो मी, हसतेय म्हणून हलतेय. आज मला सकाळपासून सारखं हसू येतंय, तुम्ही मनावर घेऊ नका. आमची ताई म्हणाली, अशी दात काढत गेलीस तर दुकानदार तुला काठी हातात देणार नाही. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, आम्ही दोघी एकत्र राहतो. माझे मिस्टर गेले, तिचं लग्न झालंच नाही, मग म्हटलं दोन चुली कशाला. ती फार कडक. तिच्यासमोर मटारसुद्धा शिस्तीत सोलावे लागतात.

हं, ही कुठली? मागून खोलगट – वजन कडेकडेला नेलंय – म्हणजे नेमकं मधोमध नाही लागलं तरी चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो? असं सांगा ना मग. म्हणजे चुका पोटात घालणारी आहे ही. अशीच पाहिजे मला. किती हलकी आहे – दांडा लोखंडी नाही वाटतं? बरोबर, मनगटांना आणि कोपरांना बरं. मारून बघू का त्या जाळीत? सरका जरा मागे. – बघितलंत? हाताला काही कळलंच नाही. धरायची पद्धत मला एकदाच शिकवली आणि लगेच आली. क्रेनवाले म्हणाले, घट्ट आवळू नका, पण सुटूही देऊ नका. मी म्हटलं एवढंच ना, जन्मभर प्रसूती विभागात नर्स होते मी, नुकतं जन्मलेलं ओलं बाळ धरायचं तसंच धरायचं. ते केवढे हसले. टोपी पडली त्यांची.

क्रेनवाले म्हणजे – आमच्या मैदानावर येतात एक. बंदरावर क्रेन चालवायचे, आता निवृत्त. सोबत खेळतो आम्ही सकाळी. बाकी काही नाही. खेळ त्यांचा अगदी क्रेनसारखा, सावकाश उचलणार, सावकाश नेणार, बरोब्बर जागेवर ठेवणार. कंटाळा येतो बघताना. नाही, खोटं कशाला बोलू – मला येत नाही कंटाळा. मी चेंडू झाडीत घातला की ते न बोलता शोधायला निघतात, आणि सापडला की असा तळहातावर धरून आणतात, जसं काही पडलेलं पिल्लू आणलंय.

दुसरी दाखवा ना, दांडा आणखी लवचिक असलेली. मी काय सांगत होते – हां, परवा. परवा सकाळी मी त्यांना म्हटलं, मी आता स्वतःचा सेट घेणार. तर ते चेंडूसमोर वाकलेले, तसेच थांबले, मान वर न करता म्हणाले, कशाला वेगळा, काठ्यांची एकच पिशवी पुरेल की आपल्या दोघांना. मी काय म्हणावं? मी म्हटलं, छे, मला माझीच पाहिजे. वर आणखी म्हटलं, तुमच्या काठ्या माझ्या कामाच्या नाहीत. ते म्हणाले, बरं. आणि मग तो माणूस, ज्याचा चेंडू कधी वाकडा गेला नाही, त्याने सरळ तळ्यात घातला हो. मला वाटलं, डोळ्यात ऊन गेलं असेल.

घरी जाऊन ताईला सांगितलं, हसत हसत, की आज क्रेनवाल्यांनी तळ्यात घातला. तिने खोदून खोदून सगळं विचारलं. मग हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, अगं वेडे, त्याने तुला मागणी घातली. मी म्हटलं, पिशवीबद्दल बोलत होते ते. ती म्हणाली, या वयाचा माणूस पिशवीबद्दल बोलताना मान खाली घालतो का? मी तिथेच हसत सुटले. आणि हसता हसता – जाऊ दे. ताई म्हणाली, तुला हो म्हणायचं असेल तर माझं निमित्त करू नकोस, मला माझं घर मोकळं आवडतं. आणि आत जाऊन किती वेळ भांडी घासत बसली, तीही घासून झालेली.

काल ते आले नाहीत. आजही नाही. म्हणजे मी नाही म्हटलं असंच धरलं असणार त्यांनी. मग मी इथे काय करतेय, असंच ना? सांगते. मी हो म्हणणार आहे. पण काठ्या घेऊनच. लहानपणी ताईचे आखूड झालेले फ्रॉक घातले, दवाखान्यात दुसरीच्या मापाचा एप्रन, लग्नानंतर जावेच्या साड्या, आणि आता दिरांच्या काठ्या. तक्रार नाही हो माझी, सगळी माणसं चांगलीच होती. पण माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत कुणी माप घेतलं, ते आज पहिल्यांदा. ही शेवटची दिलीत ना, ही माझी. हिचाच सेट द्या. डोळे? काही नाही, तुमच्या दुकानात धूळ फार आहे.

थांबा, बांधू नका इतक्यात. आधी फोन करते, नाहीतर बाहेर पडेपर्यंत धीर जाईल. – वाजतोय. – हॅलो, मी बोलतेय. हो, मीच. दुकानात आहे. नाही, आधी माझं ऐका. परवा तुम्ही विचारलंत ते मला कळलंच नव्हतं, मला वाटलं खरंच पिशवीबद्दल चाललंय. – काय? नीट बोला ना, असं बोबडं काय बोलताय? – दाढ? दाढ काढली? म्हणून आला नाहीत? आणि मी इथे दोन दिवस – बरं, बरं, बोलू नका तुम्ही, टाके आहेत ना, मीच बोलते. पिशव्या दोन राहतील. ते पक्कं. बाकी सगळ्याला हो. – हो म्हणतेय मी. ऐकू आलं का? – अहो, रडताय की हसताय?

तुम्ही काय ऐकत उभे राहिलात? जा पाहू जरा तिकडे, त्या बुटांच्या कपाटापाशी. आणि जाताना या जाळीच्या खोलीचं दार लोटून घ्या.