पटका बांधलेली अक्षरं

न्हाई वो वर्गीसशेठ, टायरचं काम न्हाई म्हनून लगेच वाटंला लावू नका — ह्यो एक कागुद तेवढा बगा, मंग जातो. आधी हात पुसा, काळं लागंल. मी व्हय? मी हंबीरराव, रिटायर हवालदार, कवठे महांकाळच्या अंगाचा. तुमी केरळचे, सांगलीत दुकान टाकून धा वर्सं झाली, मराठी चांगलं कळतं — समदं त्या पानवाल्यानं सांगितलं. आन् तुमची भाषाबी मला परकी न्हाई. सतरा वर्सं इंजिनेर पलटणीत काढली, एका बराकीत साऱ्या मुलकाची मानसं. माझ्या डाव्या खाटंवर कुरुप, तुमच्याकडचा, मल्याळी. उजव्या खाटंवर बेहेरा, उडिया. वाचता येतं का म्हनाल तर न्हाई, बोलताबी येत न्हाई — पर कोन कंचं बोलतोय ह्ये पाठमोरा बसूनबी सांगीन. कुरुप बोलाय लागला की तोंडात गरम घास घेतल्यावानी, जीभ आत वळवून, लय झपाट्यानं — शब्द कुठं संपला, दुसरा कुठं लागला, पत्त्या न्हाई. सहा म्हैने मला काय उमगलं न्हाई. तापानं फणफणला तवा ‘अम्मे, अम्मे’ म्हनाय लागला, तेवढं उमगलं. बेहेराचं निवांत. शब्द संपला तरी सोडायचा न्हाई, शेपूट वढायचा — आपुन घर म्हनतो, त्यो घरो, आपुन हात म्हनतो, त्यो हातो. निम्मं आपलंच वाटायचं, आईला तेवढं बोऊ म्हनायचा. आन् लिवनं इचाराल तर दोन्हींचं गोल. न बघितलेल्याला एकच वाटंल. पर तुमचं अक्षर बोडकं, आन् उडिया अक्षराच्या डोक्यावर गोल पटका बांधलेला, आमच्या धनगरावानी. दोघंबी घरला लिवायचे तवा मी मधी पडून दोन्हीकडं बघायचो, म्हनून ठावं.

बगताय न्हवं? मान का हलवताय? नीट बगा, उजेडाला धरा. न्हाई? एकबी अक्षर तुमचं न्हाई? बसू का जरा हितं, ह्या टायरवर.

आता खरं सांगतो. तुमी न्हाई म्हननार ह्ये मला ठावं व्हतं. पटके काय मला दिसलं न्हाईत व्हय — कागुद उलगडला त्याच दिशी दिसलं. पर तुमाला सुरवातीपास्नं सांगाय पायजे. आमच्या गावात बयाबाई म्हनून धनगरीन हाय, दाल्ला न्हाई, एकच ल्योक, धुळा. मेंढरामागं वाढला, शाळंचं तोंड बगितलं न्हाई. गेल्या साली, सत्तरच्या पावसात मुकादमासंगं खोदाईच्या कामाला गेला, तुमच्या केरळात, धरनावर. तितनं टोळी कुठं कुठं जातीया, मुकादमाला ठावं. औंदा दिवाळी होऊन धा-बारा दिवस झालं व्हतं — पंचायतीच्या रेडिओवर सांगाय लागलं, ओरिसात वादळ झालं, समिंदर गावात शिरला, मानसं हजारानं गेली. बयाबाईला कुनीतरी म्हनलं, परमुलकात हाय न्हवं तुजा धुळा. ती पळत माझ्याकडं. म्या म्हनलं, येडी का खुळी तुमी, ओरिसा कुठं, केरळ कुठं, ह्यो समिंदर येगळा, त्यो येगळा. लय शानपनानं सांगितलं. गावात मला समद्या भाषा येत्यात असा समज हाय. म्याच करून दिलाय त्यो.

आन् त्या हप्त्यातच ह्यो कागुद आला. वर पत्त्या विंग्रजीत, बयाबाईच्या नावाचा, आत कुनाकडनं तरी लिवून घेतलेला. वाड्या-वस्तीवरची पंधरा-ईस मानसं माझ्या अंगनात, बयाबाई म्होरं, पदर तोंडाला. पटके बगितले आन् वळखलं, ह्यो ओरिसाचा. पर ती बघतीया माझ्याकडं. मंग म्या वाचलं. म्हनलं, मल्याळी हाय — धुळा खुशाल हाय, खातो-पितो, पौषाच्या शेवटाला घरी येतो. तेवढ्यावर गप बसायचं न्हवं? तिचं तोंड उजळलं बगून आनखी जोडलं — मामाच्या पोरीचं इचारून ठेवा म्हनतोय. तिला आवडंल म्हनून. आता मामा, कोंडीबा, राजी झालाय, ऐतवारी सुपारी फोडायची हाय. आन् आता बयाबाईनं ऐकलंय की सांगलीत टायरवाला त्या मुलकाचा हाय. म्हनली, सुपारीआधी त्याच्या तोंडनं एकदा ऐकू द्या. तिला स्टँडावर च्या घेऊन दिला आन् मी म्होरं पळत आलो.

तुमी फकस्त कागुद डोळ्याम्होरं धरा, वर्गीसशेठ. तोंडाला येईल त्ये तुमच्या भाषेत बोला, प्रार्थना म्हना, टायरचे भाव म्हना, तिला काय कळतंय? मराठीत मी सांगीन. पाया पडतो तुमच्या — आसं करू नका, कागुद माघारी देऊ नका. पोरं हायती न्हवं तुमाला? मंग? पोरं हायती म्हनूनच न्हाई म्हनताय?

शिक्का बगताय? पुसट न्हवता त्यो. ठळक व्हता, विंग्रजीत, कटक. बेहेराच्या जिल्ह्याचं गाव. मोठा दवाखाना हाय तिथं, त्येची बोऊ तिथंच पडून व्हती, त्यो रजेसाठी रडायचा. म्हंजे धुळा वादळातनं वाचला आसंल आन् दवाखान्यात आसंल, न्हाईतर दुसऱ्याच कुनी त्येचं कळवलं आसंल — दोन्हीतलं एक. आन् म्या थुंकी लावून अंगठ्यानं त्यो शिक्का पुसला. सोताच्या हातानं. अठरा दिवस ह्यो कागुद माझ्या खिशात हाय. त्यात ‘आईला धाडा’ आसं लिवलं आसंल तर? आन् ती गावाकडं हळकुंडं निवडत बसली व्हती.

काय म्हनलासा? मिरजेला, रूळाच्या कामावर उडिया गँग हाय? ठावं हाय मला. तुमच्याआधी ठावं हाय. चारदा मिरजेच्या गाडीत बसलो, चारदा सुटायच्या आत उतरलो. चारीबी टायमाला कागुद खिशात व्हता. वाघासारखी मानसं बघितली पलटणीत, सोतालाबी त्यातलाच समजत व्हतो.

गप. आली ती.

या बयाबाई. न्हाई, टेकू नका, निघायचंय आपल्याला. मिरजेला, आत्ताच्या गाडीनं. पिशवी द्या हिकडं. ह्यांनी न्हाई वाचलं, ह्यांची भाषाच न्हवं ती, उडिया हाय, ओरिसाची. व्हय, रेडिओवर सांगितलं त्येच ओरिसा.

आवं, अंगनात समद्याम्होरं म्या वाचून दावलं व्हतं, खरं हाय. बयाबाई, म्या वाचलं न्हवतं.