प्लॉट नंबर एकोणसाठ

नाही, तुम्हीच सांगा ना, मुलाकडच्यांले 'परत म्हणा' कसं म्हणावं? म्हणावं कसं माणसानं? तिकडं टॉवरमध्ये बसून दिवसभर मी तेच तं करतो बाप्पा! नागपूरचं विमानतळ, सव्वीस वर्षं झाली, कानाले हेडसेट, तोंडासमोर माइक. मी पायलटले सांगतो, इतका खाली ये, तिकडं वळ... आणि त्यानं ते जसंच्या तसं मले परत म्हणून दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तं मी सोडत नाही. कॅप्टन असो की कॅप्टनचा बाप असो, परत म्हणा! आणि आकडे? आकडे सुटे सुटे. 'फिफ्टी' नाही म्हणायचं, 'फाइव्ह झिरो' म्हणायचं. काहून? रेडिओच्या खरखरीत त्याले 'फिफ्टीन' ऐकू आलं तं? संपलं ना सगळं!

सव्वीस वर्षांत एक चूक नाही, तुम्हाले सांगतो, एक नाही! आणि झाली कुठं? घरी. मोबाइलवर. पोरीले पाहायले पाहुणे येणार त्या दिवशी!

आमची गार्गी. एकतिसावं लागलं तिले. नऊ स्थळं येऊन गेली. एकाले पोरगी उंच वाटली, एकाले बुटकी वाटली... तीच पोरगी हो! हे दहावं, कळमेश्वरचं. मुलगा रोहित, पुण्याले नोकरीले. आधी आईवडील अन् आत्या पाहून जातील, मंग तो येईल. आणि ह्या खेपेले काय झालं, पोरीनं स्वतः साडी काढून इस्त्रीले दिली. स्वतः! नऊ खेपा आईनं काढून दिली होती. मले तं तिथंच भरून आलं.

साडेतीनले मुलाच्या वडिलांचा फोन. महादेवराव, रिटायर हेडमास्तर. "विश्वनाथराव, रिंग रोडले लागलो. पत्ता सांगा." म्हटलं, लोकेशन पाठवतो. "नाही नाही, ते बोटानं सरकवायचं मले जमत नाही, तोंडानं सांगा." सांगितलं. देवळापासून डावीकडं, गिरणीपासून उजवीकडं, प्लॉट नंबर एकोणसाठ. 'पाच नऊ' म्हटलं असतं तं काय जीभ झडली असती माझी? पण समोर मराठीचे हेडमास्तर! म्हटलं, शुद्ध बोलावं. आणि नेमका 'साठ'वरच त्यांच्या बाजूले ट्रकनं भोंगा मारला... "समजलं, समजलं!" म्हणे. माझ्या ओठांवर आलं होतं हो, 'परत म्हणा'! तं बायकोनं, आमच्या कामिनीनं, दंडाले असा चिमटा काढला... "मुलाकडचे आहेत ते! तुमचा टॉवर घरात नका आणू!" गिळलं. काय करता?

चार वाजले. साडेचार. कोथिंबीर भरलेली सांबारवडी दोनदा तळून झाली. फोन लावतो, उचलून नाही राहिले. अहो, धावपट्टीच्या टोकाले आमचं एक यंत्र असते, ढगातून उतरणाऱ्या विमानाले सिग्नल देते, बापू, डावीकडं चालला, जरा सरक. आमच्या ह्या प्लॉटांच्या ले-आउटमध्ये काय आहे? अठ्ठावन्नच्या बाजूले एकशे बारा! शेवटी मी कामिनीची लाल साडी घेतली अन् गच्चीवर जाऊन हलवू लागलो, तं खालून शेजारचा लहानू, "काय झालं गा विश्वनाथभाऊ, आग लागली का?"

लागलीच होती!

सहाले फोन आला. "विश्वनाथराव, तुम्ही एकोणसत्तरच म्हटलं ना?"

"एकोणसाठ!"

"असं का... आम्ही एकोणसत्तरात गेलो. मधुकररावांकडं. तेही पोरीसाठी पाहुण्यांची वाट पाहून राहिले होते, त्यांचे पाहुणे आलेच नाहीत. 'या या' म्हणाले, बसलो. पोहे झाले, त्यांची दिपाली आली, आमची बहीण म्हणे, फोटोपेक्षा प्रत्यक्षात बरी आहे... चहाच्या वेळेले लक्षात आलं, फोटो हिचा नव्हताच."

"मंग आता या ना इकडं! दोन गल्ल्या सोडून तं आहे!"

  महादेवराव हळूच म्हणाले, "कसं सांगू... आमच्या मंडळींनी दिपालीची ओटी भरली."

मी फोन ठेवला.  गार्गी दारात उभी, इस्त्रीची साडी नेसून. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, सांबारवडी थंडी होऊन राहिली. खाऊन घ्या." एवढंच. तिले परत म्हणायले नाही लावलं मी... माझ्यानं ऐकवलंच नसतं.

काल पुन्हा महादेवरावांचा फोन. "रविवारी रोहित-दिपालीचं साक्षगंध आहे, अंगठ्या अकराले, मधुकररावांकडं, एकोणसत्तरात. तुम्ही यायचंच, तुमच्यामुळंच तं जुळलं! आणि हे पाहा विश्वनाथराव, मागच्यासारखा घोळ नको. पत्ता एकदा परत म्हणून दाखवा."

आता मुलाकडच्यांले नाही कसं म्हणावं?

म्हटलं परत. प्लॉट नंबर सहा... नऊ.