झाकणावरचा अंगठा

बाप : आधी दरवाजा. तुझं सायन्स-कॉमर्स मागून.

पोरगा : बाबा, शाळेचं ऑफिस पाचला बंद होतं. आज शेवटचा दिवस आहे.

बाप : होऊ दे बंद. वकीलसाहेब पण पाचलाच येणारेत गाडी न्यायला. काय दाखवू त्यांना? सगळी गाडी गर्द हिरवी, आणि मधेच एक दरवाजा चॉकलेटी! पानं कुठं, खोड कुठं, झाडच उभं केलंयस गॅरेजात.

पोरगा : वकीलसाहेबांचं मी बघितलंय...

बाप : तू काय बघणार? दरवाजा बघता आला नाही, वकील बघतोय! काल संध्याकाळी इथं कोण होतं?

पोरगा : मी.

बाप : गन कोणी धरली?

पोरगा : मीच.

बाप : कोणाला विचारून? घसा फोडून सांगतोय लहानपणापासून, रंगाच्या गनला हात लावायचा नाही, थिनरच्या वासात उभं राहायचं नाही. सांगितलंय की नाही?

पोरगा : तुम्ही खोकून खोकून आडवे झाला होता. दरवाजा तर घासून, प्रायमर मारून तयार होता. शेवटचा हातच राहिला होता. म्हटलं, तुम्ही उठायच्या आत उरकून टाकू.

बाप : उरकलास की! मस्त उरकलास. अरे, आंधळा पण सांगेल हा रंग वेगळा आहे म्हणून. तुला दिसलं नाही?

पोरगा : बाबा, ऑफिस.

बाप : ऑफिस, ऑफिस! हां. आता आलं माझ्या डोक्यात. परवा मी म्हटलं, अकरावीला कॉमर्सचं नाव काढलंस तर तंगडं मोडीन. तू एक शब्द बोलला नाहीस. ताटावरून उठून गेलास. तो राग या दरवाजावर काढलास तू. बोल ना! मुद्दाम केलंस?

पोरगा : हो.

बाप : काय हो?

पोरगा : मुद्दाम केलं.

बाप : तोंडावर सांगतोस? या वकीलसाहेबांनी मला पहिलं काम दिलं होतं. ह्या गॅरेजला छप्पर नव्हतं तेव्हा. झाडाखाली रंगवली होती त्यांची गाडी, वरून पाला पडायचा ओल्या रंगावर, तरी हसून घेऊन गेले. त्यांच्या गाडीवर सूड घेतलास? माझ्यावर घ्यायचा होतास. माझी मान होती ना घरी, झोपलेली!

आई : अहो, जरा हळू! पार कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय. तो पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरून बसलाय नुसता, बुडबुडे बघायचे सोडून तुमचं ऐकतोय.

बाप : ऐकू दे त्याला. सगळ्यांना ऐकू दे. तो खायचा डबा ठेव तिकडं आणि इकडं ये. बघ तुझ्या लाडक्याचं कर्तृत्व.

आई : अगंबाई! हा दरवाजा कुणाचा आणलात?

बाप : कुणाचा नाही आणला, याच गाडीचा आहे. तुझ्या पोरानं रंगवलाय. मुद्दाम. मी कॉमर्सला नाही म्हटलं म्हणून.

आई : मुद्दाम? आणि हा? गाडीखालची मांजराची पिल्लं हलेपर्यंत गाडी काढू देत नाही हा. काहीतरीच काय.

बाप : स्वतःच्या तोंडानं बोललाय. विचार.

आई : बारक्या, खरं का रे?

पोरगा : हो म्हटलं ना. आता सोडा. आई, तू तरी सांग यांना, उशीर होतोय. कागदावर सही केलीय यांनी, सायन्स की कॉमर्स एवढी खूण करायचीय.

बाप : सही केलीय ती सायन्ससाठी. आता माझ्यासमोर खूण कर, पेन देतो.

पोरगा : मला सायन्स नको.

बाप : का नको? मार्क नाहीत? आहेत. क्लासची फी मी भरणारेय ना? मग का नको? अरे, तुला कळत नाही काय होणारेय ते. कॉमर्स घेशील. मग नोकरी शोधत फिरशील. नाही मिळणार. मग एक दिवस शटर उघडायला ये म्हणशील, तात्पुरतं. मी पण तात्पुरताच आलो होतो माझ्या बापाच्या हाताखाली. बघ कसा खोकतोय! सायन्स घेतलंस तर निदान पांढरा कोट घालून कुठंतरी स्वच्छ खोलीत बसशील. हात धुतले की निघतील असे हात राहतील तुझे.

आई : ते राहू द्या घटकाभर. बारक्या, रंग कुठल्या डब्यातला घेतलास?

पोरगा : हिरव्याच्या.

आई : कुठं होता तो डबा?

पोरगा : कुठं म्हणजे? वरच्या फळीवर, खिडकीच्या बाजूला. असतो तिथंच.

आई : अरे देवा.

बाप : आता तुला काय झालं?

आई : काल दुपारी फळी मी पुसली हो. बोटबोट धूळ होती. सगळे डबे खाली काढले, आणि हाताला येतील तसे परत लावले.

बाप : मग? बिघडलं कुठं? कुठंही ठेव डबे. झाकणावर अंगठा आहे ना माझा! आतल्या रंगात अंगठा बुडवायचा, झाकणावर उठवायचा. नाव नको, नंबर नको. शाळेचं तोंड न बघितलेल्याला पण कळतं कशात काय आहे ते. हा तर पहिल्या पाचात येतो.

आई : अहो, तुम्ही जरा गप्प बसा. बारक्या, इकडं ये. हा एक डबा, हा एक. झाकणं बघ आणि सांग. हिरवा कोणता?

पोरगा : आई, नको ना.

आई : सांग.

पोरगा : काय लहान मुलासारखं...

आई : सांग बाळा.

पोरगा : हा.

बाप : तो चॉकलेटी आहे.

पोरगा : मग तो.

बाप : मग तो म्हणजे काय? दोनच डबे आहेत. नीट बघ. इकडं उजेडात ये. खिडकीपाशी ये, बघ आता.

पोरगा : उजेडात पण तसंच दिसतं, बाबा.

बाप : तसंच म्हणजे कसं?

पोरगा : दोन्ही सारखेच. एक थोडा मळका. बस.

(बापानं कॉम्प्रेसर बंद केला. गॅरेजात काम चालू असताना तो कधी बसत नाही. आज उलट्या टाकलेल्या पिंपावर बसला.)

आई : माझ्या भावासारखं. आपल्या लग्नात एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालून आला होता तो. तुम्ही त्याचं नाव मोजेमामा ठेवलंत. आजतागायत घरात आला की आधी पाय बघता त्याचे.

बाप : मला वाटायचं, वेंधळा आहे.

आई : सगळ्यांनाच वाटायचं. माझे वडील तसेच. बाजारातून कच्चे टोमॅटो आणायचे, आणि आई डोकं बडवून घ्यायची. आमच्याकडं हसण्यावारी नेलं सगळं. माझ्या माहेरचं माझ्या पोराकडं आलं आणि मलाच कळलं नाही.

बाप : कधीपासून माहितीये तुला?

पोरगा : आठवीत शाळेत डोळे तपासायला आले होते. ठिपक्यांचं चित्र असतं, त्यात आकडा लपवलेला. सगळा वर्ग ओरडून सांगत होता. मला नुसते ठिपके.

बाप : आणि घरी येऊन काय सांगितलंस?

पोरगा : डोळे ठीक आहेत म्हणून.

बाप : आम्हाला सांगायला काय झालं होतं?

पोरगा : कसं सांगणार? कुठून कुठून लोक येतात तुमच्याकडं. तुटलेल्या आरशाचा तुकडा आणतात, पेट्रोलचं झाकण आणतात, अगदी हाच रंग पाहिजे म्हणतात. तुम्ही एकदा बघता आणि डब्यात काठी फिरवायला लागता. तो गॅरेजवाला समोरचा, तुमचं तोंड बघत नाही, तो पण म्हणतो, याच्या डोळ्यात रंगपेटी आहे. आणि मी तुमचाच.

बाप : म्हणून मुद्दाम केलं म्हणालास.

पोरगा : तुम्ही रागावलात तर मला चालतं. सवय आहे. हे असं तोंड केलेलं नाही बघवत.

बाप : आण तो कागद.

आई : अहो...

बाप : आण म्हणतोय ना. कर कॉमर्सची खूण. संपला विषय. सायन्सच्या त्या काचेच्या नळ्यांत रंग बदलायला लागला की तू काय करणार तिथं? कर खूण आणि पळ.

पोरगा : नाही.

बाप : आता काय नाही?

पोरगा : असं नको मला.

आई : अरे, हो म्हणतायत ना! परवापासून तोंड सुजवून फिरतोयस ज्यासाठी, ते देतायत. घे की मुकाट्यानं.

पोरगा : हो म्हणतायत ते माझ्या डोळ्यांना. मला नाही. उद्या चारचौघांत सांगतील, काय करणार, पोराच्या डोळ्यात खोट निघाली, म्हणून कॉमर्स. जन्मभर सांगतील.

बाप : मग खोटं सांगू?

पोरगा : रंग दिसत असते ना बाबा, तरी मी हेच घेतलं असतं. सायन्सला पण असे डोळे चालतात, सरांना विचारलंय मी. म्हणाले, शेजाऱ्याला विचारायचं गुलाबी झालं का म्हणून, त्यात काय लाज. वाट बंद आहे म्हणून नाही वळत मी. मला तिकडंच जायचंय.

बाप : काय आहे काय तिकडं? हिशेब? ते तर कोणीही करतं.

पोरगा : सुट्टीत आपलं गॅरेज ओस पडतं. पडतं ना?

बाप : पडणारच. लोक गाड्या घेऊन गावाला जातात.

पोरगा : यंदा पडलं?

बाप : यंदा शाळेच्या बस आल्या रंगवायला. नशीब.

पोरगा : नशीब नाही, मी आणल्या.

बाप : काय बोलतोस?

पोरगा : बसच्या मालकाकडं गेलो होतो. म्हटलं, पोरं सुट्टीवर, बस उभ्या, तुमच्या गाड्यांची सालं निघालीत. शाळा उघडल्यावर आईबाप गाडीचं तोंड बघून पोराला चढवतात. तो म्हणाला, तुझा बाप का नाही आला? म्हटलं, बाप काम सोडून कुठं जात नाही, म्हणून तर काम त्याला द्या.

आई : बघा! आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता, माझ्या हाताची कीर्ती ऐकून आला म्हणून.

बाप : आपणहून आला असं वाटलं मला.

पोरगा : आपणहून कोणी येत नाही, बाबा. मला ते आवडतं. माणूस येतो का, परत का येत नाही, कशानं येईल. रात्री झोपताना डोक्यात तेच चालू असतं. ते कसं करतात हे शिकायचंय मला, नीट, पुस्तकातून.

बाप : आणि शिकून परत इथंच येणार.

पोरगा : आलो तर?

बाप : आलो तर काय? ही छाती बघ. आत नुसती शिट्टी वाजते. यासाठी मी तुला...

पोरगा : आत कोण येतंय? या डोळ्यांनी मला आत घेणार कोण! तुम्ही तरी घ्याल का?

बाप : मी? झाडू मारायला पण नाही.

पोरगा : मग झालं तर. मी शटरच्या बाहेर उभा राहीन. आणि तुम्हाला पण तोंडाला मास्क लावायला लावीन. तो खिळ्याला टांगलेला. आणल्यापासून टांगलाय.

आई : त्याच्यात कोळ्यानं घर केलंय.

बाप : तू गप गं. वकीलसाहेबांचं काय? पाच वाजत आले.

पोरगा : ते आज नाही येणार. मघाशी तेच सांगत होतो. दुपारी तुम्ही गॅरेजात आलात आणि दरवाजाकडं बघून तुमचा चेहरा उतरला, तेव्हाच फोन केला त्यांना. उद्या संध्याकाळी या म्हटलं.

बाप : आणि कारण काय दिलंस?

पोरगा : म्हटलं, दरवाजाचा रंग बाबांच्या मनासारखा बसला नाही. अशी गाडी ते देणार नाहीत.

बाप : मग? भडकले असतील.

पोरगा : खूश झाले. म्हणाले, म्हणूनच मी दुसरीकडं जात नाही.

आई : ऐका.

बाप : ऐकतोय. खोटं एक अक्षर नाही, आणि खरं काय ते पण सांगितलं नाही. वकिलालाच गुंडाळलंस.

पोरगा : बाबा, जाऊ का?

बाप : पॉलिश पेपर दे तो. ओला करून दे. हा दरवाजा पार पत्र्यापर्यंत घासावा लागणार.

पोरगा : घ्या. बाबा...

बाप : जा. पळ. आणि ऐक.

पोरगा : काय?

बाप : ऑफिसातल्या बाई विचारतील, एवढे मार्क असून कॉमर्स का. डोळ्यांचं काही बोलू नकोस तिथं.

पोरगा : मग काय सांगू?

बाप : सांग, आमच्याकडं बस मी आणल्या.