पायाखालची उशी

(मिसिसिपीतल्या एका घराची पायरी. एझेलच्या मांडीवर गिटार, त्याची बायको लुविनी हिच्या हातात गाण्यांच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या साहेबाचं पत्र.)

एझेल : पुन्हा वाच. तू मनाचं घालतेयस.

लुविनी : मनाचं घालायला मला वेळ नाही, चुलीवर चवळी आहे. ‘तुमची तबकडी हातोहात खपतेय. सोमवारी दुसरं गाणं भरायला मेम्फिसला या. त्या कण्हणाऱ्या बाईंना नक्की आणा.’

एझेल : आणि माझ्या गाण्याबद्दल?

लुविनी : ‘बाईंना नक्की आणा.’ खाली दोन रेघा मारल्यात.

एझेल : वीस वर्षं बोटं झिजवली मी. गिटारबद्दल एक शब्द नाही?

लुविनी : नाही. नाव माझंही नाही, पण रेघा आहेत.

एझेल : तू गायलीस कुठे? तू तर नुसती कण्हत होतीस.

लुविनी : मग काय करणार? तुला पाय आपटल्याशिवाय गाता येत नाही. ते ठोके तबकडीत उतरतात म्हणून साहेबाने पायाखाली उशी दिली, तर तू ताल सोडून भलतीकडेच निघालास. दोन कोऱ्या तबकड्या वाया घालवल्यास. एकच उरली, साहेब घड्याळ बघायला लागला, तेव्हा उशी ओढून मी तुझ्या पायाखाली माझा पाय सरकवला.

एझेल : मी नव्हतं सांगितलं.

लुविनी : तू फक्त आपटलास. पाच कडवी.

एझेल : पाद्रीबाईंना तर रडू आलं म्हणे ऐकून.

लुविनी : मला विचारत होत्या, कोण गेलं गं? म्हटलं, अंगठ्याचं नख.

एझेल : मग, सोमवारी येणार ना?

लुविनी : तुझ्या बहिणीला ने. तिलाही दोन पाय आहेत.

एझेल : तिच्या पायावर नाही जमायचं.

लुविनी : का? माझा काय मऊ आहे?

एझेल : त्या खोलीत मला धडकी भरली होती, लुविनी. दारं बंद, भिंतीभर पडदे, समोर कुणी नाचत नाही, कुणी हसत नाही. उशीवर पाय पडला की वाटायचं, आपण विहिरीत गातोय. तू कण्हलीस तेव्हा कळलं, कुणीतरी आहे.

लुविनी : हे तिथे बोलला असतास तर जरा हळू कण्हले असते.

एझेल : तू नाही आलीस तर मी पण जात नाही. तसं कळव साहेबाला.

लुविनी : कळव म्हणे. म्हणजे पत्रही मीच लिहायचं.

एझेल : मग काय लिहितेस?

लुविनी : रविवारी पाय घासून धू. तुझे बूट इथेच राहतील.